सुतारकी शिकू द्या, शेत मात्र तारण ठेवू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

"आम्ही जांबोटीच्या अलीकडचे. मालक सुतार आहेत, वय 54. थोरला मुलगा 19 वर्षांचा, कॉमर्समधून पीयूसी (बारावी) झालाय. पुढं शिकायला नको म्हणतो, बाबांबरोबर कामाला जातो. हात चांगला आहे असं मालकच म्हणतात. पण माझे दीर पुण्याला असतात. गणपतीला आल्यावर त्यांनी मोबाइलवर दाखवलं की सुतारांची 72 टक्के कामं रोबो घेणार. घरंसुद्धा मशीन छापायलंय म्हणे. पोराला बेळगावात अकाउंटिंगच्या कॉम्प्युटर कोर्सला घाला म्हणायलेत. दुसरीकडं एक एजंट सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लाकूड कापायच्या मशीनचं आठ लाखांचं कोटेशन देऊन गेलाय, शेत तारण ठेवून कर्ज होईल म्हणतोय. मालक काहीच बोलेनात. त्यांची कंबर गेलीय. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?"

ताई,

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मुलाला सुतारकी शिकू द्या. शेत तारण ठेवू नका. कॉम्प्युटर शिकायला हवाच, पण तो सुतारकीच्या कामासाठी.

दिरांनी दाखवलेला आकडा कुणी मनानं रचलेला नाही. 2013 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बॉर्न या दोघांनी अमेरिकेतल्या 702 व्यवसायांची यादी घेतली आणि प्रत्येकापुढं, हे काम यंत्राकडं जाण्याची शक्यता किती, ते लिहिलं. सुतारापुढं 0.72 आलं. तेव्हापासून हा आकडा फिरतोय, आणि फिरता फिरता त्याचा अर्थ बदललाय. शंभरातले बहात्तर सुतार घरी बसणार, असं त्या दोघांनी म्हटलेलं नाही. त्यांनी 70 व्यवसायांबद्दल तज्ज्ञांना विचारून 'यंत्राला जमेल' की 'जमणार नाही' ते ठरवलं आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज संगणकाकडून काढून घेतला. प्रश्न एवढाच होता की तंत्राच्या दृष्टीनं हे शक्य आहे का. ते कुणाला परवडेल, जांबोटीच्या चिखलाच्या रस्त्यानं ते यंत्र येईल का, हा त्यांचा विषयच नव्हता. पुढं 2016 मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात अख्खा व्यवसाय एकदम न धरता त्यातली कामं सुटी सुटी करून पाहिली, तेव्हा 21 देशांत मिळून धोक्यातल्या नोकऱ्या सरासरी 9 टक्के निघाल्या. फ्रे आणि ऑस्बॉर्न यांचा अमेरिकेपुरता आकडा होता 47. एकाच प्रश्नाला दोन पद्धतींनी इतकी वेगळी उत्तरं येतात. तेव्हा त्यातल्या एका आकड्यावर पोराचं आयुष्य ठरवायला नको.

आता त्याच यादीतल्या आणखी काही ओळी सांगतो, त्या दिरांनाही दाखवा. प्लंबर 0.35. इलेक्ट्रिशियन 0.15. बांधकामावरचा मुकादम 0.17. कारखान्यात बाकावर कपाटं बनवणारा सुतार 0.92. आणि हिशेब लिहिणारा कारकून 0.98, डेटा एन्ट्री करणारा 0.99. म्हणजे ज्या यादीला भिऊन पोराला सुतारकीतून काढायचं, तीच यादी अकाउंटिंगच्या कामाला सुताराच्या कामापेक्षा जास्त धोका आहे असं सांगते. आणि हे चॅटजीपीटी वगैरे यायच्या कितीतरी आधीचं. दीर वाईट हेतूनं बोलले नाहीत. पुण्यात राहणाऱ्या माणसाला पुतण्यानं एसीत बसावं असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेबाचा कोर्स म्हणजे सुरक्षित जागा, हे आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या ओळींत आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या मुलाच्या उपयोगाची आहे. बाकावरचा सुतार 0.92 आणि साइटवरचा 0.72, असा फरक का? इलेक्ट्रिशियन एवढा खाली का? कारण बाकावर माल यंत्रापाशी येतो, आणि साइटवर माणसाला मालापाशी जावं लागतं. एकाच मापाचं काम, एकाच जागी, शंभर वेळा करायचं असलं की यंत्र माणसाला मागं टाकतं. जागा रोज बदलली, भिंत वाकडी निघाली, अंधाऱ्या माळ्यावर आडवं पडून स्क्रू पिळावा लागला, की यंत्राला घाम फुटतो. हान्स मोराव्हेक नावाच्या रोबोशास्त्रज्ञानं 1988 मध्येच लिहून ठेवलंय की संगणकाला बुद्धिमत्ता चाचणी किंवा चेकर्ससारखा पटावरचा खेळ अशी मोठ्यांची कामं शिकवणं त्या मानानं सोपं, पण एका वर्षाच्या बाळाची नजर आणि हालचाल शिकवणं महाकठीण. आज इतकी वर्षं झाली तरी ते बऱ्याच अंशी खरं आहे.

आयटीआयमधून निवृत्त झाल्यावरही मी वर्कशॉप बघायला जात असतो, म्हणून हे नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. बेळगावात एका ठिकाणी सीएनसीवर किचनचा माल कापला जाताना पाहिला. आठ बाय चारचा प्लाय टेबलावर ठेवला, खालून हवेनं ओढून धरला, पोरानं बटण दाबलं. बिट फिरत गेलं आणि थोड्याच वेळात कपाटाच्या बाजू, तळ, फळ्या, बिजागरीची भोकं, सगळं तयार. कडा दुसऱ्या मशीनवर चिकटल्या. करवत आणि पटाशी घेऊन हे करायला दोन माणसांना दिवस मोडावा लागला असता, आणि इतकं नेटकं झालंही नसतं. हे काम हातानं करणाऱ्याला पुढं रोज मिळणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. तुमच्या मुलानं 'मी प्लाय चांगला कापतो' एवढ्यावर भिस्त ठेवू नये.

पण तोच माल मग टिळकवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये गेला. तिथं ओट्यामागची भिंत गुण्यात नव्हती. एका टोकाला कपाट भिंतीला टेकलं, दुसऱ्या टोकाला बोटभर फट. मशीननं कापलेलं कपाट अगदी काटकोनात होतं, आणि म्हणूनच ते तिथं बसत नव्हतं. शेवटी मिस्त्रीनं एक अरुंद पट्टी घेतली, भिंतीला लावून उभी धरली, पेन्सिल भिंतीच्या कडेनं फिरवत वरपासून खालपर्यंत रेघ ओढली, रंध्यानं रेघेपर्यंत उतरवली आणि फटीत सारली. पट्टी अशी बसली की घरमालकाला ती वेगळी आहे हे कळलंही नाही. आपल्याकडच्या भिंती गवंडी हातानं उभारतात, प्लास्टर हातानं होतं. जोवर हे असं आहे, तोवर त्या शेवटच्या बोटभर फटीचा धनी सुतारच. आणि गिऱ्हाईक पैसे देताना बघतो ते कपाट नीट बसलं का, झडप मध्येच अडकते का, हे. माल कुठं कापला हे कुणी विचारत नाही.

तुमच्या भागात तर हे आणखी खरं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस मी काय सांगू, तुम्ही त्यात राहता. जुलै-ऑगस्टात दारं फुगतात, कडी लागत नाही, कौलाखालची रीप कुजते, वासा वाकतो. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही; म्हणून कुठल्या बाजूनं किती सूट सोडायची हे पावसाळा बघितलेल्या सुतारालाच उमगतं. जुन्या चिऱ्याच्या घरात दोन चौकटी एका मापाच्या नसतात. कुठलाही कारखाना त्या घरासाठी तयार दार पाठवू शकत नाही. मापं घ्यायला, जुनं सोडवायला आणि नवं बसवायला कुणीतरी उंबऱ्यावर गुडघे टेकायला हवं.

घरं छापणाऱ्या मशीनबद्दल थोडक्यात. आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमध्ये, देशातलं पहिलं असं टपाल कार्यालय 2023 च्या ऑगस्टमध्ये उघडलं. एल अँड टी कंपनीनं आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली ते दीड महिन्याच्या आत उभं केलं. 1,021 चौरस फुटांचं आहे. ऑस्ट्रेलियात विटा रचणारा रोबोही आहे. पण ही यंत्रं भिंती उभ्या करतात. दारं, खिडक्या, वायरिंग, नळ हे काम त्यानंतर माणसांनीच करायचं असतं. उलट, कारखान्यात घराचे भाग बनवून बांधकाम बदलून टाकू म्हणणारी कॅटेरा ही अमेरिकन कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलर गुंतवणूक गोळा करूनही 2021 मध्ये दिवाळखोरीत गेली. बांधकाम हा धंदा यंत्राला इतका सहज वश होत नाही. सेंट्रिंगवाल्यांना मात्र मी सावध करीन. ॲल्युमिनियमच्या साच्यांनी मोठ्या शहरांतल्या टॉवरवरचं लाकडी शटरिंग बरंच हटवलंय. तुमच्या मुलाला कुणी नुसत्या शटरिंगच्या कामाला नेत असेल, तर तिथं फार काळ अडकू देऊ नका.

खरी स्पर्धा कुठं आहे ते बघा. रोबो अजून खानापूरच्या स्टँडवर उतरलेला नाही. तयार फ्लश दार, यूपीव्हीसीची खिडकी आणि दुकानातलं तयार कपाट मात्र केव्हाच उतरलंय. सागाची चौकट परवडत नाही म्हणून लोक दगडाची किंवा सिमेंटची चौकट घेतात. तुमच्या मालकांचं काम कमी झालं असेल तर ते यामुळं. दिरांच्या मोबाइलनं ते घाबरलेले नसावेत. हे सगळं ते कित्येक वर्षं सोसत आलेत, म्हणून गप्प असावेत, असं मला वाटतं. त्यांच्याशी 'रोबो येणार का' हे बोलू नका. 'गेल्या पाच वर्षांत कुठलं काम गेलं आणि कुठलं वाढलं' एवढंच विचारा, आणि मुलाला शेजारी बसवा. त्या एका बैठकीत पोराला जे कळेल ते कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही.

मुलानं काय शिकावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिलं म्हणजे माप. साइटवर जाऊन ओळंबा, गुण्या आणि लेव्हल लावून भिंत किती वाकडी आहे हे टिपणं आणि त्याचा साधा नकाशा काढणं. इथं कॉम्प्युटर कामाला येतो. स्केचअपसारख्या प्रोग्रॅमची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती फुकट मिळते. त्यात कपाट काढायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि कुठल्या मापाचे किती तुकडे लागतील याची यादी करायची. ती यादी घेऊन बेळगावातल्या सीएनसीवाल्याकडं जायचं, चौरस फुटाच्या दरानं माल कापून आणायचा आणि स्वतः बसवायचा. त्याचं कॉमर्सही वाया जात नाही. आपले सुतार जिथं बुडतात ती जागा म्हणजे हिशेब: अंदाजपत्रक तोंडी, ॲडव्हान्स कमी, बिजागऱ्या आणि चॅनेलचा खर्च खिशातून, शेवटचे पैसे सहा महिन्यांनी. पीयूसी झालेला पोरगा छापील कोटेशन देऊ लागला, तर पहिल्याच वर्षी घरात फरक दिसेल.

भाषेचंही सांगतो. सीमाभागातल्या आपल्या पोरांना ही देणगी आहे, तिची किंमत त्यांना कळत नाही. घरी मराठी, बेळगावात गिऱ्हाइकाशी कानडी, राजस्थानी कारागिरांबरोबर हिंदी, आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोव्यात कोंकणी. चार ठिकाणी जाऊन माणसाशी नीट बोलून काम मिळवणारा सुतार कुठल्याही यंत्राला भारी पडतो. त्याची कानडी लिहा-वाचायला कच्ची असेल तर ती पक्की करून घ्या, कोटेशन आणि सरकारी अर्ज दोन्हीला लागते.

आता ते आठ लाख. एजंट तुम्हाला मशीनचा वेग सांगेल, हप्ता सांगणार नाही. वर्षाला 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण 17,400 रुपये बसतो. शिवाय शेड, हेस्कॉम या वीज कंपनीकडून थ्री-फेज जोडणी, धूळ ओढणारं यंत्र, बिटं, दुरुस्तीला येणारा माणूस. एका किचनला दहा-पंधरा प्लाय लागतात असं धरा. ते हे मशीन दिवसभरात कापून मोकळं होतं. महिन्याचे बाकीचे दिवस ते काय करणार? जांबोटीच्या आसपास महिन्याला पंधरा किचनं निघतात का? पावसात वीज गेली की मशीन थंड, हप्ता मात्र चालूच. सीएनसी हे वाईट यंत्र नाही. ते शहरात, दहा सुतारांचं काम एकत्र येतं अशा ठिकाणी शोभतं. मुलगा चार-पाच वर्षं काम करून स्वतःची गिऱ्हाइकं जोडू दे, कापायला माल नेऊन नेऊन त्या मशीनची रग त्याला कळू दे. मग त्याला वाटलं तर दोघा-तिघांत मिळून घेईल, आणि तेव्हाही शेतावर नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचं असंच झालं. सीएनसी आल्यावर एकच पुर्जा दिवसभर कातणाऱ्याची गरज घटली, ड्रॉइंग वाचून सेटिंग करणाऱ्याची वाढली. सेटिंग शिकलेल्यांतल्या बहुतेकांचं स्वतःचं मशीन नव्हतं.

पैशाची गरज असेलच तर आधी पीएम विश्वकर्मा योजना बघा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 धंदे आहेत, सुतार त्यात आहे, गवंडीही आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर. त्यानंतर तारण न देता 5 टक्के व्याजानं पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज मिळतं, 18 महिन्यांत फेडायचं. ते नीट फेडलं तर पुढं दोन लाखांपर्यंत. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते आणि ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. एक अट लक्षात ठेवा: कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. माझ्या मते अर्ज मुलाच्या नावानं करा. अठरा पूर्ण आहेत, हातानं काम करतो, आणि कर्ज फेडायला त्याच्यापुढं वर्षं आहेत. त्या पैशांतून चांगला हातातला सर्क्युलर सॉ, रंधा मशीन, लेझर लेव्हल, ड्रिल एवढं येतं, आणि मालकांच्या कंबरेवरचा अर्धा भार तिथंच उतरतो. फळी चिरणं आणि रंधणं हे कंबर मोडणारं काम यंत्राकडं जावं असं मला मनापासून वाटतं. तिथं यंत्राचं स्वागत करा.

पण त्या खरेदीच्या यादीत सगळ्यात वर चष्मा आणि चांगला मास्क लिहा. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1995 मध्येच कर्करोगकारक पदार्थांत घातलंय, आणि आपली पोरं तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाहीत. मशीनचं संरक्षक झाकण काढून ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मुलाला पाठवू नका, तो कितीही नावाजलेला असो. गेलेलं बोट परत येत नाही.

वर्षभरासाठी मी असं करीन: पहिले सहा महिने बाबांबरोबरच, पण प्रत्येक कामाचं माप, नकाशा आणि खर्च मुलानं वहीत लिहायचा. मग बेळगावात किंवा गोव्यात मॉड्युलर किचन बसवणाऱ्या एखाद्या चांगल्या फिटरच्या हाताखाली सहा महिने, रोज कमी मिळाला तरी. मधल्या काळात संध्याकाळी स्केचअप. वर्ष संपल्यावर त्याला हे काम नको वाटलं, तर कोर्स कुठं पळून जात नाही. तेव्हा तो वीसच वर्षांचा असेल. आयटीआयची इलेक्ट्रिशियनची वाटही तेव्हा खुली असेल, आणि वर सांगितलेल्या ओळींत त्या कामाचा आकडा सगळ्यात कमी होता हे विसरू नका.

मालकांचं एक काम मात्र याच महिन्यात करा. बांधकामावर सुतारकाम करणाऱ्यांना कर्नाटक इमारत आणि इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवता येतं. वय 18 ते 60 मध्ये हवं आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्यांचं वय 54 आहे, म्हणजे हाताशी सहा वर्षं आहेत. उशीर केला तर पुढं उपयोग नाही. ज्यांच्या घरांवर त्यांनी यंदा काम केलं त्या घरमालकांकडून किंवा ठेकेदाराकडून सह्या घ्या, आधार कार्ड, बँक पासबुक आणि फोटो बरोबर ठेवा, आणि खानापूरच्या कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज कसा भरायचा ते विचारून या. मुलालाच बरोबर न्या, अर्ज तोच भरू दे.